गाळणपिशवी (सागरी मत्स्यालय)

गाळणपिशवी ही सागरी मत्स्यालयाच्या पाण्यात तरंगणारे घन कण अडवणारी, एका तोंडाने उघडी असलेली कापडी पिशवी होय. पायमोज्यासारख्या आकारामुळे इंग्रजीत तिला ‘फिल्टर सॉक’ म्हणतात. तयार पिशव्या बाजारात मिळतात. तथापि ही पिशवी घरी शिवणेही कठीण नाही. वारंवार बदलण्यासाठी अनेक पिशव्या हाताशी असणे, हा घरी शिवण्याचा खरा लाभ होय.

कार्य

मत्स्यालयाच्या मुख्य टाकीतील पाणी वरच्या कडेवरून सांडते व नळाने खालच्या टाकीत उतरते. तेथून पंप ते पुन्हा वर चढवतो. नळाच्या तोंडाखाली गाळणपिशवी टांगलेली असते. माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न, शेवाळाचे तुकडे आणि वाळूचा गाळ तिच्यात अडकतो. तिच्या छिद्रांचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मत्स्यालयांत प्रामुख्याने १०० व २०० मायक्रॉनच्या पिशव्या वापरतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या मापाची कल्पना यावी.

तथापि अडवणे म्हणजे काढून टाकणे नव्हे. पिशवीत साठलेल्या गाळामधून पाणी अहोरात्र वाहत असते. गाळ कुजतो, त्यातून अमोनिया सुटतो, जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि हे सारे पुन्हा माशांपर्यंत पोहोचते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो. सामू जितका अधिक, तितका अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारी हयगय खाऱ्या पाण्यात माशांच्या जिवावर बेतते. आठवडाभर न बदललेली पिशवी पाणी स्वच्छ दाखवते, पण ते बिघडवत असते.

पाणी गाळण्याची घरगुती परंपरा

कापडाने पाणी गाळण्याची रीत महाराष्ट्रातील घरांना नवी नाही. नारू हा रोग ज्या सूक्ष्म सायक्लॉप्स प्राण्यांमार्फत पिण्याच्या पाण्यातून पसरे, ते साध्या दाट कापडानेही अडतात. नारूच्या निर्मूलनात गाळून पाणी पिण्याच्या प्रचाराचा मोठा वाटा होता, भारत इ.स. २००० मध्ये नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण सुमारे निम्म्यावर आले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. वारंवार धुतलेल्या साडीचे तंतू सुटून छिद्रे लहान होतात. त्यामुळे येथे नव्यापेक्षा जुने वस्त्र सरस ठरते.

या अनुभवावरून मत्स्यालयासाठीही जुनी साडी किंवा धोतर वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. घरातील गाळणे वापरानंतर पिळून उन्हात वाळते. गाळणपिशवी मात्र दिवसरात्र ओली असते. सुती धाग्यातील सेल्युलोज हे जीवाणूंचे खाद्य असल्याने असे कापड काही आठवड्यांत कुजते व स्वतःच पाणी दूषित करते. तात्पुरत्या निकडीला, एखाद्या दिवसापुरते, ते चालेल.

कापडाची निवड

पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन यांचे फेल्ट, म्हणजे न विणता तंतू परस्परांत गुंतवून केलेले जाडसर कापड, सर्वांत योग्य. कण केवळ पृष्ठभागावर न अडता त्याच्या जाडीतही अडकतात. नायलॉनची जाळी धुण्यास सोपी असते, परंतु ती तिच्या छिद्रापेक्षा बारीक कण फारसे अडवत नाही.

हस्तकलेच्या दुकानातील रंगीत फेल्ट घेऊ नये. त्यात लोकर मिसळलेली असू शकते, रंग सुटतो आणि कडकपणासाठी लावलेली खळ पाण्यात उतरते. कापडाची परीक्षा घरी करता येते. कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवावा: सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, लोकर जळक्या केसांसारखी घाण सोडते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. नंतर कापडाचा तुकडा गरम पाण्याच्या बाटलीत एक दिवस ठेवून बाटली जोराने हलवावी. पाण्याला रंग आला किंवा टिकणारा फेस आला, तर ते कापड बाद समजावे.

शिवण्याची रीत

पिशवीच्या तोंडाशी ताठ कडे लागते. ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळाचा अडीच सेंटिमीटर रुंद काप त्यासाठी पुरेसा आहे. कड्याचा परीघ ११ × ३.१४, म्हणजे सुमारे ३४.५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी दीड-दीड सेंटिमीटर व थोडी सैल धरून ३८ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब तुकडा कापावा. फेल्टची एक बाजू उष्णतेने गुळगुळीत केलेली असल्यास ती बाहेर ठेवावी, म्हणजे सुटे तंतू पाण्याबरोबर जात नाहीत. शिवणीची दुमडही बाहेरच असावी. आत राहिल्यास तिच्या फटीत गाळ साठतो आणि धुताना निघत नाही. तळाचे कोपरे याच कारणासाठी गोलाकार शिवतात.

धागा पॉलिएस्टरचाच हवा. सुती धाग्याने शिवलेल्या पिशवीचे कापड शाबूत राहते आणि शिवण उसवते. उभी शिवण दुहेरी घालावी. शेवटी वरचे चार सेंटिमीटर कापड कड्यावरून आत दुमडून कड्याच्या खाली हाताने धावदोरा घालावा. पिशवी ज्या पट्टीत अडकवायची, तिचे भोक कड्यापेक्षा एक सेंटिमीटर लहान ठेवावे. मऊ पिशवी दबून खाली जाते व कडे वर अडून राहते. टाचण्या, स्टेपल किंवा पितळी पिना कोठेही राहू देऊ नयेत. लोखंड गंजते आणि पितळेतील तांबे कोळंबी, शंख व समुद्रफुले यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते.

सांडवा

पिशवी तुंबली की पाणी तिच्या तोंडावरून उसळते. त्याला खालच्या टाकीतच उतरण्याची वाट ठेवणे आवश्यक आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा तलावांना पाळ फुटू नये म्हणून जसा सांडवा असतो, तसाच हा प्रकार. पट्टीच्या एका बाजूस खाच ठेवली तरी पुरते. ती नसल्यास खारे पाणी जमिनीवर येते किंवा विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचते.

बदलणे व धुणे

दर तीन दिवसांनी पिशवी बदलल्यास महिन्याला दहा बदल होतात. पाच पिशव्या असल्यास पंधरा दिवसांतून एकदाच धुणे काढावे लागते. काढलेली पिशवी उलटी करून जोराच्या धारेखाली लगेच धुवावी. साबण, धुण्याची पावडर व कपडे मऊ करणारी द्रव्ये पूर्णतः वर्ज्य आहेत, कारण त्यांचा अंश तंतूंत राहतो. पाण्याच्या दहा भागांत एक भाग द्रव ब्लीच घालून त्यात पिशव्या काही तास भिजवतात, अनेकदा खळबळतात, सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात बुडवून उरलेले क्लोरीन नाहीसे करतात आणि उन्हात कडक वाळवतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अन्य आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. नायलॉनची जाळी ब्लीचने कमकुवत होते; तिला धारेखाली धुणेच बरे.

वीजपुरवठा बराच काळ खंडित झाल्यास पिशवी काढून ठेवावी. प्रवाह थांबला की पाण्यात बुडालेल्या गाळातील जीवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात आणि वीज आल्यावर ते पाणी थेट वरच्या टाकीत जाते.

किनाऱ्यापासून दूर

मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थेच्या दाराशी समुद्र होता. गोंदिया जिल्ह्यातील चिचगडसारख्या गावी प्रत्येक लिटर खारे पाणी तयार करावे लागते. त्यासाठी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयाचे मिश्र क्षार लागतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. पिशवी बदलताना तिच्यासोबत खारे पाणी जाते. ती टाकीवरच पूर्ण निथळू द्यावी. गेलेल्या खाऱ्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने व बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी.

मर्यादा

मासे कल्ल्यांवाटे जो अमोनिया सोडतात, तो विरघळलेला असल्याने कोणत्याही पिशवीत अडत नाही. त्यासाठी जीवाणूंचे गाळण व पाणी बदलणे हेच उपाय होत. दुसरीकडे, कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीवही पिशवीत अडकून मरतात. त्यांच्यावर जगणारे प्राणी टाकीत असल्यास काही पालक पिशवी आठवड्यातून एक-दोन दिवसच लावतात. भारतात खडक बनवणारी प्रवाळे व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते घरी आणू नयेत. विदूषक माशाच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केलेले असल्याने नवशिक्याने समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी अशा पैदाशीतील मासे निवडणे इष्ट आहे.