कोन जरासा चुकला की

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. असे दोन पापुद्रे सुमारे १.१ अंशांनी फिरवून एकमेकांवर ठेवायचे. मच्छरदाणीच्या दोन पदरांत दिसते तशी मोठी नक्षी अणूंमध्ये उमटते. परमशून्याजवळ थंड केल्यावर हाच पदार्थ इलेक्ट्रॉनांची संख्या बदलेल तसा कधी विद्युतरोधक होतो, कधी अतिवाहक. एमआयटीतल्या पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटाने २०१८ मध्ये हे दाखवलं.

पण एकाच कृतीने केलेले नमुने सारखे वागेनात! पापुद्रा ठेवताना कुठे ताण बसतो, कुठे बुडबुडा अडकतो आणि कोन जागोजागी बदलतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी सुईच्या टोकावरचा चुंबकमापक नमुन्यावरून फिरवून या बदलाचा नकाशाच काढला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अंशाच्या दहाव्या भागाचा फरकही इथे महागात पडतो.

तरी सगळा दोष अशा अव्यवस्थेवर ढकलणं मला पटत नाही; ती कधी उपयोगीही पडते. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये क्वांटम हॉल परिणाम सापडला: तीव्र चुंबकक्षेत्रात रोध सलग न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. त्यातली रोधाची सपाट पठारं टिकतात, कारण पदार्थातल्या खोटींपाशी काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात. रोधाचं प्रमाण ठरवायला आज हीच पठारं वापरतात.