डोक्यावरचा दिवा आणि त्याचा आधार

समथर हे झाशीच्या ईशान्येस वसलेले लहानसे गाव. एका गुजर राजघराण्याच्या संस्थानाची ही राजधानी होती, आणि 1950 साली ते संस्थान उत्तर प्रदेशात समाविष्ट झाले. या बुंदेलखंडाचा छायाचित्रणाशी संबंध जुना आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन लाभलेले लाला दीनदयाळ 1882 साली सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत या प्रदेशात हिंडले आणि येथील वास्तूंची चित्रे त्यांनी काचेवर उतरविली. त्यांना प्रकाश पुरविणारा सूर्यच होता, आणि त्याला स्टँड लागत नसे. दादासाहेब फाळक्यांनी 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ सिद्ध केला तोही मुख्यत्वे उन्हाच्याच भरवशावर.

समथरसारख्या गावातील छायाचित्रकाराला आज असे उन्हावर विसंबून चालत नाही. पुढे दुकान आणि मागे एक बेताची खोली, एवढाच त्याचा स्टुडिओ. आणि लग्नसराईत नवरीमुलीपासून बारशाच्या बाळापर्यंत सर्वांना त्याच खोलीत बसवावयाचे. समोरून टाकलेल्या प्रकाशाने चेहरा उजळतो खरा, पण काळे केस मागच्या काळ्या पडद्यात विरून जातात. वरून, किंचित मागून, एक दिवा दिला म्हणजे केसांची व खांद्यांची कड उमटते आणि माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. परंतु दिवा तेथे धरावयाचा कसा? उभा स्टँड बसलेल्या माणसाच्या मागे ठेवला तर तो चित्रात येतो. म्हणून स्टँड बाजूला ठेवून त्यावर आडवा दांडा बसवितात आणि त्याच्या टोकाला दिवा टांगतात. या आडव्या दांड्यालाच धंद्यात बूम म्हणतात.

ही युक्ती मुळीच नवी नाही. उत्तरेकडे विहिरीवर जी ढेंकली असे, तिच्या लांब टोकाला मोट वा बादली आणि आखूड टोकाला दगड किंवा मातीचा गोळा बांधलेला असे. बूम म्हणजे दिव्याची ढेंकलीच होय. बैलगाडी हाकणारा शेतकरीही हे गणित जाणतो: ओझे पुढे गेले की गाडी धुरजड होते, मागे गेले की उलाळते. समजा, दिवा व त्यावरची कापडी पेटी मिळून 3 किलो भरतात आणि ती खांबापासून दीड मीटरवर लोंबतात. आखूड बाजू अर्धा मीटर असेल, तर तोल साधण्यासाठी तेथे 9 किलो वजन टांगावे लागेल. दांड्याचे स्वतःचे वजन निराळे. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. ‘दिवा तीन किलोचा, स्टँड पाच किलोचा भार पेलणारा, मग चिंता कसली?’ असा हिशेब ते करतात. प्रत्यक्षात खांबावर दिवा आणि प्रतिभार मिळून 12 किलो आणि वर दांडा, एवढे ओझे पडते. स्टँड निवडावयाचा तो या बेरजेला पुरून उरणारा.

पायांचा विचारही नीट केला पाहिजे. तीन पायांचे स्टँड सर्व बाजूंना सारखे भक्कम नसते. प्रत्येक पाय मध्यापासून 50 सेंटिमीटर बाहेर गेलेला असेल, तर त्या पायाच्या दिशेने आधार पूर्ण 50 सेंटिमीटर मिळतो. पण दोन पायांच्या मधल्या दिशेने तो अवघा 25 सेंटिमीटर, म्हणजे निम्माच. म्हणून एक पाय नेमका दिव्याच्या रोखाने ठेवावा. इतका साधा नियम, पण घाईगर्दीत तो हटकून विसरला जातो. वाळूची पिशवी मागच्या पायांवर अशी अडकवावी की ती जमिनीला टेकणार नाही. टेकली तर तिचे वजन जमीन पेलते, स्टँडला त्याचा लाभ होत नाही. चाके असतील तर ती कुलूपबंद होणारीच हवीत.

दांड्याची परीक्षा त्याच्या लांबीने होत नाही. टोकावरचा भार तोच ठेवून दांडा दुप्पट लांब केला, तर त्याचे वाकणे आठपट वाढते. ॲल्युमिनियम पोलादाहून पुष्कळ हलके, पण त्याची ताठरताही पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते; ती उणीव भरून काढावयाची तर नळी जाड हवी. बारीक, चकचकीत आणि चार-पाच तुकड्यांत लांबणाऱ्या दांड्याचा मोह धरू नये. प्रत्येक जोड ही ढिलाईची जागा असते. दांडा जेथे खांबाला आवळला जातो, तो सांधा तर सर्वांत महत्त्वाचा. दातेरी चकत्यांचा सांधा गुळगुळीत चकत्यांपेक्षा खात्रीने धरतो. खांबाच्या शेंड्यावरील खुंटी बहुधा 16 मिलिमीटरची असते, अवजड सामानासाठी 28 मिलिमीटरची. दांड्याचे भोक तिच्याशी जुळते की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे. दुकानातच दांडा पूर्ण लांबवून, टोकाला दिव्याइतके वजन टांगून एक टिचकी मारावी. झोके लवकर थांबले तर ठीक. बराच वेळ डुलत राहिला, तर तो दांडा तेथेच ठेवून यावे.

भिंत पक्की असेल आणि दिव्याची जागा ठरलेली असेल, तर भिंतीत घट्ट बसविलेला फिरता दांडा स्वस्तही पडतो आणि सुरक्षितही. त्याला पाय नसल्यामुळे लहान मुले अडखळण्याचा प्रश्नच उरत नाही. स्टँडच वापरावयाचे असेल, तर दिव्याला दांड्याशी बांधणारी एक पोलादी तार निराळी असावी, कारण खाली बसलेल्याचे डोके दिव्याच्या थेट टप्प्यात असते. विजेची दोरी दांड्यावरून आणून खांबालगत खाली उतरवावी.

संध्याकाळी आवराआवर करताना आणखी एक चूक घडते. दिवा गरम व किमती, म्हणून तो आधी सोडविला जातो. त्यासरशी 9 किलोचे टोक खाली येते आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या पायावर आदळते. खांब आधी पूर्ण खाली घ्यावा, दुसऱ्या माणसाने दांडा धरावा, प्रतिभार उतरवावा, आणि मगच दिव्याच्या खुंटीला हात लावावा.