समावेशक संशोधनाचा कस

एखाद्या संशोधनाचा गौरव करावयाचा, तर त्याची श्रेष्ठता कशात पाहावयाची हे आधी ठरवावे लागते. स्वमग्नतेच्या अभ्यासात हा प्रश्न विशेष बिकट आहे. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर अनेक दशके स्वमग्न व्यक्ती हा अभ्यासाचा विषय राहिला, अभ्यासक नव्हे. आता समावेशकतेचा पुरस्कार सर्वत्र होतो. तथापि सल्लागार समितीत दोन स्वमग्न व्यक्तींची नावे घातली म्हणजे संशोधन समावेशक झाले, असे मानणे हा भोळेपणा होय.

ह्या दृष्टीने अमेरिकेतील 'ऍस्पायर' ह्या भागीदारीचे कार्य अभ्यसनीय आहे. क्रिस्टिना निकोलायडिस व डोरा रेमेकर ह्यांनी २००६ साली तिची स्थापना केली. निकोलायडिस वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक; रेमेकर स्वतः स्वमग्न आहेत. प्रौढ स्वमग्नांना वैद्यकीय सेवा कशी मिळते, हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय. प्रत्यक्ष बोलण्यापेक्षा लिहिणे अनेकांना सुकर असल्याने बैठका संगणकावर लेखी संभाषणाने होत. ही सोय किरकोळ वाटेल. परंतु तिच्यावाचून कित्येकांचे मत नोंदलेच गेले नसते.

खरा कस लागला तो प्रश्नावलीच्या वेळी. वैद्यकीय पाहण्यांत रूढ असलेल्या प्रश्नावल्या स्वमग्न सहकाऱ्यांपुढे ठेवल्या, तेव्हा शब्द संदिग्ध आहेत, उत्तरांचे पर्याय धूसर आहेत, असे आक्षेप त्यांनी घेतले. असे प्रश्न पुढे आले असते तर उत्तर देणाराने ते अर्ध्यावर सोडले असते किंवा चुकीचे उत्तर दिले असते. म्हणून प्रश्नांची भाषा बदलण्यात आली, अवघड शब्दांच्या व्याख्या जोडण्यात आल्या, आणि पर्यायांशेजारी आकृत्या देण्यात आल्या. समावेशकता येथे सौजन्याची बाब राहत नाही. ती मापनाच्या विश्वसनीयतेची अट ठरते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०९ स्वमग्न व २२८ इतर प्रौढांची तुलना होती. वैद्यकीय गरजा अपुऱ्या राहण्याचे प्रमाण स्वमग्नांत अधिक आढळले. सामान्यतः असे संशोधन निष्कर्षापाशी थांबते. येथे मात्र त्यातून रुग्ण व डॉक्टर ह्या दोघांसाठी मार्गदर्शक साहित्य तयार झाले. रुग्णाने आपल्या गरजा भराव्यात, म्हणजे त्यांवरून डॉक्टरांना द्यावयाचे एक व्यक्तिगत निवेदन सिद्ध होते: दिव्याचा प्रखर प्रकाश सोसत नाही, सूचना लेखी द्याव्यात, इत्यादी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, साहित्य वापरल्यावर डॉक्टरांशी होणाऱ्या संवादाविषयीचे समाधान वाढल्याचे व अडथळे कमी झाल्याचे दिसले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही उणीव लहान नाही.

पुरस्कार देणाऱ्या मंडळांची अडचण येथेच आहे. सन्मान बहुधा एका व्यक्तीला आणि तिच्या शोधनिबंधांच्या संख्येला मिळतो. प्रश्नावलीतील एक शब्द बदलावा म्हणून वाद घालणाऱ्या सहकाऱ्याची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते. वस्तुतः परीक्षकांनी प्रथम विचारावे ते हेच, की स्वमग्न सहकाऱ्यांमुळे संशोधनात नेमके काय बदलले? त्याचे उत्तर कागदपत्रांतून देता येत नसेल, तर सन्मान कशाचा?

ह्या कसोटीवर 'ऍस्पायर'चे काम उतरते. पण पाहणी इंटरनेटवरून झाल्यामुळे तिच्यात वाचू-लिहू शकणाऱ्यांचाच आवाज मुख्यतः आला. ज्यांना वाचा नाही आणि लेखनही साधत नाही, त्यांना सहकारी कसे करून घ्यावे, हे काम अद्याप बरेचसे शिल्लक आहे.