साठेखतावरचे घर

मेक्सिको, पोर्टो रिको, क्यूबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत ज्यांचे मूळ आहे, त्यांना अमेरिकेत ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. या कुटुंबांपैकी जेमतेम निम्मी स्वतःच्या घरात राहतात. गोऱ्यांत हेच प्रमाण जवळजवळ चारांत तीन पडते. असे का? गरिबी हे उत्तर खरे, पण अपुरे.

टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या बाजूने ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. १९५० नंतर शेतमजुरांनी तेथे जमिनीचे तुकडे हप्त्यांनी घेतले. ना नळ, ना गटार, ना धड रस्ता. पण तुकडा स्वस्त. यंदा एक खोली, पैसे जमले की दुसरी. आपल्या खेड्यांत तरी याहून निराळे काय होते? मेख होती ती कागदात. साठेखत वेगळे आणि खरेदीखत वेगळे, हे कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगावयास नको. तिथला करार साठेखताच्याच जातीचा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. हप्ता चुकला की जमीन गेली, वर बांधलेल्या खोल्या गेल्या, आणि दिलेले पैसे भाड्यात जमा! १९९५ साली टेक्सासने कायदा केला. ज्याने किमतीचे ४० टक्के किंवा ४८ हप्ते भरले, त्याला असे सहजी हुसकता येईना.

मग ही माणसे बँकेत का जात नाहीत? बँक पाहते कर्जफेडीची जुनी नोंद. जन्मभर रोखीने व्यवहार केलेल्याची पाटी कोरी. पत सिद्ध करायची तर आधी कर्ज काढा, हा न्याय मला तरी अजून पचलेला नाही.

२००२ साली अध्यक्ष बुश यांनी दशकअखेरपर्यंत अल्पसंख्याकांत ५५ लाख नवे घरमालक करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या काळात कर्जे सैल झाली खरी, पण कित्येकांचे व्याज पहिली दोन वर्षे हलके आणि पुढे चढते. बोलणी स्पॅनिशमध्ये, कागद इंग्रजीत! मग किमती कोसळल्या. प्यू या संशोधन संस्थेच्या हिशेबाने २००५ ते २००९ मध्ये हिस्पॅनिक कुटुंबांची मध्यक संपत्ती ६६ टक्क्यांनी घटली, गोऱ्यांची १६ टक्क्यांनी. कारण उघड आहे. यांची पुंजी बहुतेक घरातच होती.

२०१० च्या कायद्याने कर्जदाराची ऐपत तपासणे धनकोवर बंधनकारक झाले. सरकारी विम्याच्या कर्जाला आता किमतीच्या साडेतीन टक्के रक्कम गाठीशी असली तरी भागते. काही बँका व पतपेढ्या वेळेवर भरलेल्या भाड्याच्या पावत्याही पत म्हणून धरतात. आणि सही करण्यापूर्वी कागद स्पॅनिशमध्ये समजावून सांगणारे सल्लागारही पुष्कळ शहरांत मिळतात.