दुकानाला कुलूप, वाय-फाय मात्र उघडे!

दुकानाचे शटर ओढल्यावर आपण कुलूप दोनदा ओढून पाहतो. गल्ल्याची चावी परक्याच्या हाती देत नाही. पण ज्या वाय-फायवरून मालाचे पैसे जमा होतात, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, त्याचा पासवर्ड मात्र शेजाऱ्यापासून माल पोचवणाऱ्या पोऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. ज्या कारागीर बंधूंचे घर आणि कारखाना एकच, त्यांच्याकडे तर हे हमखास दिसते.

यात धोका काय? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले आणि तपास त्याच्या दारी पोचला. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्यानेच केल्याचे पुढे उघड झाले. पण तोवर चौकशीचा ससेमिरा त्यालाच सोसावा लागला.

असे का होते, ते समजून घेऊ. बाहेरच्या जगाला आपल्या जोडणीचा पत्ता एकच दिसतो. त्यामागे घरातले पाच फोन आहेत की जिन्याखाली बसलेल्या कोणाचा सहावा, हे बाहेरून कळत नाही. वाय-फायच्या लहरी भिंत ओलांडून जातात. म्हणून बिल ज्याच्या नावावर, पहिला जाब त्यालाच विचारला जातो.

उपाय कठीण नाहीत आणि खर्चही नाही. व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी आजच कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, पासवर्ड दोन असतात: एक वाय-फायचा, दुसरा खुद्द राउटरच्या आतल्या व्यवस्थेचा. दुसरा बहुतेक जण बदलतच नाहीत. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर आत जाण्याचा पत्ता असतो. जमत नसेल तर जोडणी देणाऱ्या माणसाकडून समोर बसून बदल करून घ्यावा. नवा पासवर्ड मात्र स्वतः टाकावा.

दुसरी गोष्ट, कुलपाचा प्रकार पाहावा. ‘डब्ल्यूईपी’ हे जुने कुलूप २००१ सालीच फोडले गेले. ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. पासवर्ड लांब असावा. दुकानाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक नसावा.

तिसरी गोष्ट, ‘डब्ल्यूपीएस’ची सोय बंद करावी. तिचा आकडा आठ अंकी असतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढता येतो. त्यामुळे फोडणाऱ्याला कोट्यवधी नव्हे, फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्ये उघड झाले.

चौथी गोष्ट, गिऱ्हाईक व पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क असते, ते सुरू करावे. हिशेबाचा संगणक त्यावर ठेवू नये.

आता देखरेखीविषयी. जोडलेल्या यंत्रांची यादी राउटरमध्येच दिसते. आपले फोन, संगणक, टीव्ही, कॅमेरा, बिलाचे यंत्र वहीत लिहून ठेवावे आणि महिन्यातून एकदा, हिशेब जुळवण्याच्या दिवशी, यादीशी ताडून पाहावे. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच शेजाऱ्यावर आळ घेऊ नये. हल्लीचे फोन आपली खरी ओळख लपवून बदललेला क्रमांक दाखवतात. तो घरातल्याच कोणाचा फोन असू शकतो. एकेका फोनचे वाय-फाय बंद करून पाहिले की उलगडा होतो. तरीही हिशेब जुळला नाही, तर पासवर्ड बदलावा. सर्वच यंत्रे बाहेर पडतील; ज्याला द्यायचा त्यालाच नवा द्यावा.

नोकर काम सोडून गेला की आपण चावी परत घेतो. पासवर्ड परत घेता येत नाही, तो बदलावाच लागतो, हे विसरू नये.