कृपा म्हणजे पापाचा परवाना नव्हे

‘ख्रिस्ती लोकांचं बरं असतं, चर्चमध्ये जाऊन कबुली दिली की पाटी कोरी!’ हे आपल्याकडे सर्रास बोललं जातं. शंका जुनीच आहे. देवाची कृपा पापापेक्षा मोठी असेल, तर पाप करतच राहावं का, हा प्रश्न संत पौलाने पहिल्या शतकात रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केला आणि तिथल्या तिथे धुडकावला. आपल्याकडेही नामाच्या बळावर पाप करणं हा दहा नामापराधांपैकी एक मानला आहेच.

गैरसमज: कबुली दिली की काम झालं.

चेन्नईचं सान्थोम कॅथेड्रल असो की वसईतलं एखादं चर्च, कॅथलिकांचा नियम एकच. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, धर्मगुरूने सांगितलेलं प्रायश्चित्त करायला हवं. चोरी केली असेल तर भरपाई आलीच. निश्चयच दिसत नसेल, तर धर्मगुरू पापमुक्ती देण्याचं नाकारू शकतो. निश्चय करूनही घसरलेल्याला पुन्हा यायची मुभा आहे. पुढच्या पापाची सोय म्हणून दिलेली कबुली मात्र कबुली ठरतच नाही.

गैरसमज: प्रोटेस्टंटांना विश्वास पुरतो, आचरण कसंही चालतं.

विश्वासानेच तारण, असं प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर शिकवत असे हे खरं. पण कृपा मिळालेल्यांना दहा आज्ञा शिकवायची गरज नाही, असं त्याचा सहकारी अग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा ल्यूथर त्याच्याविरुद्धच उभा राहिला. ल्यूथरची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी सुरू होते तीच दहा आज्ञांनी. तारण सत्कर्मांनी विकत मिळत नाही. पण ते मिळालेल्या माणसाचं वागणं बदलतं. येशूला घरी घेणाऱ्या जक्कय जकातदाराने आपणहून चौपट परतफेड कबूल केली, ती याच अर्थाने.

हे तत्त्व मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, कसाला लागलं ते जातीवरून. बाप्तिस्मा घेतलेली माणसं चर्चमध्ये जातवार बसत, प्रभुभोजनालाही वरच्या जातीचे आधी जात. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी परिपत्रक काढलं: चर्चमधून जात गेलीच पाहिजे. शहरातल्या वेपेरीत आणि तंजावरात त्याला कडाडून विरोध झाला. अनेकांनी चर्च सोडलं. त्यांचा मुद्दा नीट ऐकायला हवा. कृपा मिळाली म्हणून पाप चालेल, असं ते म्हणत नव्हते. जात हे पापच नव्हे, ती समाजाची रीत आहे, असं ते म्हणत होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. परवाना कुणी पापाच्या नावाने मागत नाही. रीत, घराणं, व्यवहार अशा नावांनी मागतो. ज्या देवाने पदरी काही नसताना आपल्याला स्वीकारलं, त्याच्याच पंगतीत शेजाऱ्याला मागे बसवणं हा कृपेचा सरळ नकार आहे, मग त्याला नाव काहीही द्या.

1850 मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने जातीविरुद्ध ठराव केला. जर्मनीतल्या लाइपझिग मिशनचे ल्यूथरन त्यात सामील झाले नाहीत. त्यांनी सौम्य भूमिका घेतली. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीत आजही जातवार वाटे आहेत, आणि त्याविरुद्ध दलित ख्रिस्तीच आवाज उठवत आहेत.