मॉंगूस म्हणजे आपलें मुंगूस

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडून शब्दांचीं अक्षरें, म्हणजे ज्यांस आपण सर्रास स्पेलिंग म्हणतों तीं, पाठ करवून घेण्याचें काम प्रत्येक घरांत कोणा ना कोणा वडील माणसाकडे असतेंच. कोठें तें आजोबांकडे असतें, कोठें धाकट्या काकांकडे, तर कोठें नुकत्याच घरांत आलेल्या सुशिक्षित सूनबाईंकडे. बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड म्हणून गांव आहे. तेथील, किंवा तशाच एखाद्या गांवच्या मुलाच्या पुस्तकांत नागाशीं झुंजणाऱ्या एका प्राण्याचें चित्र येतें आणि त्याखालीं आठ अक्षरें असतात : एम्, ओ, एन्, जी, ओ, ओ, एस्, ई. मूल तीं घोकतें, ‘मॉंगूस म्हणजे मुंगूस’ असा अर्थ वहींत उतरून घेतें, आणि पुढच्या शब्दाकडे वळतें. दोन्ही शब्द कानाला इतके सारखे कां लागतात, हें त्याला बहुधा कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें तें पहिल्यानें सांगितलें पाहिजे. कारण वहीच्या उजव्या बाजूस ‘अर्थ’ म्हणून लिहिलेला शब्द हाच डाव्या बाजूच्या शब्दाचा जनक आहे.

मुलांची खरी फसगत करतात तीं शेवटचीं पांच अक्षरें. त्यांचा इंग्रजींत ‘गूस’ असा स्वतंत्र शब्द होतो, आणि त्याचा अर्थ हंसाच्या जातीचा एक पाळीव पक्षी. त्या पक्ष्याचा आणि मुंगसाचा अर्थाअर्थीं कांहींच संबंध नाहीं. परभाषेंतील अनोळखी शब्द कानावर पडला म्हणजे मनुष्य त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाचा आकार देतो, एवढेंच येथें झालें आहे. पलटणींतील इंग्रज पहारेकरी रात्रीं ‘कोण येतें तिकडे ?’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द ओरडत असत; आपल्या शिपायांनीं त्यांचें ‘हुकुमदार’ करून टाकलें. इंग्रजांनीं मुंगसाचें केलें तें ह्याच मासल्याचें. पूर्वीं ते हा शब्द नाना प्रकारांनीं लिहीत. कोणी आरंभीं यू घालून ‘मुंगूस’ असा आपल्या उच्चाराच्या जवळ जाई, कोणी नुसतेंच ‘मुंगो’ म्हणे. शेवटीं ओळखीच्या पक्ष्यानें बाजी मारली.

त्यामुळें आणखी एक घोटाळा उत्पन्न झाला. ‘गूस’चें अनेकवचन ‘गीस’ होतें, म्हणून ‘मॉंगूस’चें ‘मॉंगीस’ करण्याचा मोह खुद्द इंग्रजांच्या मुलांनाहि होतो. शिष्टसंमत रूप ‘मॉंगूसेस’ हेंच. गूसमधील स्वरबदल इंग्रजी भाषेच्या बाल्यावस्थेंतला आहे. तीन सव्वातीनशें वर्षांपूर्वीं आलेल्या पाहुण्या शब्दाला तो लागू होत नाहीं. जातां जातां एक मौज सांगतों. हा ‘गूस’ शब्द आणि आपल्या संस्कृतांतील ‘हंस’ शब्द हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत, असें भाषाशास्त्र सांगतें. तेव्हां मॉंगूसमधला गूस खोटा असला तरी एकटा गूस मात्र आपला दूरचा नातलग आहे.

इंग्रजांजवळ ह्या प्राण्याला आधीं नांवच नव्हतें असें नाहीं. मिसर देशांतील मुंगसाला ग्रीकांनीं ‘माग काढणारा’ ह्या अर्थाचें ‘इक्न्यूमन’ हें नांव दिलें होतें, व पंडितांच्या ग्रंथांत तें चालत असे. पण व्यापारी आणि शिपाई पंडितांचे ग्रंथ वाचून बोलत नसतात. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर हा १६७२ ते १६८१ ह्या काळांत हिंदुस्थान व इराण हिंडला. सुरत, मुंबई आणि शिवकालांतील जुन्नर त्यानें पाहिलें. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ सालीं लंडनांत छापला. इंग्रजींत हा शब्द ज्या ग्रंथांत पहिल्यानें आढळतो त्यांपैकीं तो एक होय. पश्चिम किनाऱ्यावर मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडून, कदाचित् पोर्तुगीजांच्या मध्यस्थीनें, शब्द उचलला गेला असें बहुतेक कोशकार मानतात. बंगालच्या बाजूनें तो गेला असता तर इंग्रजींत आज ‘बेजी’ रूढ होतें. दिल्लीच्या बाजूनें जाता तर ‘नेवला’. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या किपलिंगनें १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मध्यें रिक्की-टिक्की-टावी ह्या मुंगसाची कथा लिहिली. तिचें स्थळ बिहारांतील सुगौलीची छावणी, जेथें ह्या प्राण्याला कोणी मुंगूस म्हणत नाहीं. तरी नांव मात्र दक्षिणेचेंच लागलें! फ्रेंचांचें ‘मांगूस्त’, इटालियनांचें ‘मांगूस्ता’, रशियनांचें ‘मांगुस्त’, जपान्यांचें ‘मांगूसु’ हीं सारीं त्याच गोताचीं.

एवढें वाचून कोणास ‘इंग्रजीला शब्द आम्हीं दिला’ असा अभिमान वाटला तर तो स्वाभाविक आहे. पण थोडें थांबावें. मराठीला तरी हा शब्द कोठून मिळाला ? संस्कृतांत ‘नकुल’ आहे. पांडवांतील चौथ्या भावाचें नांव तेंच, आणि ‘अहिनकुल’ हा समास तर व्याकरणाच्या पहिल्या पाठांतला. हिंदींतील नेवला नकुलापासूनच आला. मराठीनें मात्र घरचा नकुल पोथींत ठेवला आणि बोलण्यांत मुंगूस घेतलें. प्राकृतांत ‘मंगुस’, ‘मुग्गस’ असे शब्द ह्याच अर्थीं सांपडतात. पण शेजारच्या तेलुगूंत ‘मुंगिस’ आणि कानडींत ‘मुंगुसि’ आहे. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूल व बर्नेल ह्यांच्या हॉब्सन-जॉब्सन ह्या सुप्रसिद्ध कोशानें तेलुगूला अग्रमान दिला आणि मराठीचा उल्लेख मागाहून केला. पुष्कळ तज्ज्ञांचा कल मूळ द्राविडी मानण्याकडे आहे. आम्हांस स्वतःला असें वाटतें कीं, हा शब्द कोणा एका भाषेच्या नांवावर चढविण्यापेक्षां दक्खनच्या पठाराच्या सामाईक खात्यांत घालावा.

दिंद्रुडच्या माणसास हें समजावून सांगावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. मराठी, तेलुगु आणि कानडी ह्या तिन्ही भाषांचे मुलूख एका कारभाराखालीं नांदत होते, आणि वर सरकारी भाषा उर्दू. त्या पिढीचीं माणसें घरीं मुंगूस म्हणत आणि उर्दूच्या पुस्तकांत नेवला वाचीत. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, पुढें १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि नेवला मागें पडून त्याच्या जागीं मॉंगूस आला. बांधावरून आडवें जाणारें मुंगूस ह्या सर्व काळांत एकच होतें, आणि त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवावयास सांगणारीं मुलेंहि.

शब्दाबरोबर प्राणीहि परदेशीं गेला, त्याची कथा थोडक्यांत सांगतों. जमेकांतील उंसाच्या मळ्यांत उंदरांनीं उच्छाद मांडला म्हणून १८७२ सालीं एका मळेवाल्यानें कलकत्त्याहून नऊ मुंगसें नेलीं. मुंगूस दिवसा हिंडतें आणि उंदीर रात्रीं, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तेथील जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांची मात्र दैना झाली.

आतां ह्या शब्दाला चिकटलेल्या एका समजुतीकडे वळतों. तिच्यामुळें माणसें दगावतात, म्हणून तिच्याविषयीं अधिक लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. नागाशीं लढतांना मुंगूस मधूनच झाडींत जाऊन एक मुळी खातें आणि तिनें त्याचें विष उतरतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता ह्यानें १५६३ सालच्या आपल्या ग्रंथांत अशीच हकीकत दिली आहे. पुढें लिनीअसनें १७५३ सालीं त्या मुळीच्या वनस्पतीस ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’, म्हणजे मुंगसाची सर्पमुळी, असें शास्त्रीय नांवच देऊन टाकलें. (उडदाच्या ‘विग्ना मुंगो’ ह्या नांवाशीं ह्याची गल्लत करूं नये. तेथील मुंगो म्हणजे आपला मूग. आणि तें नांव मुगाला न राहतां उडदाला चिकटलें, ही शास्त्रज्ञांची निराळीच गंमत.)

खरें कारण मुळींत नाहीं. मुंगूस विलक्षण चपळ असतें, अंगावरचे केस फुलवून तें नागाचा दंश हुकवितें, आणि त्याच्या स्नायूंतील ज्या ठिकाणीं नागविष जाऊन बसावयाचें, त्या ठिकाणची घडणच निसर्गानें वेगळी केली आहे. विषाला तेथें पकड मिळत नाहीं. हें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत प्रयोगानें दिसून आलें. ही घडण मुंगसाची जन्मजात आहे, मुळी खाऊन ती माणसाला मिळत नाहीं. फार दंश झाले तर मुंगूसहि मरतें.

बीडकडील हजारों कुटुंबें दरसाल ऊंसतोडीस जातात, पहांटेच्या अंधारांत फडांत उतरतात. घरीं राहणारे पावसाळ्यांत शेतांतच असतात. अशा वेळीं पान लागलें म्हणजे मुळी उगाळण्यांत नि मंत्र घालण्यांत जो तास जातो, तोच बहुधा प्राणांचा असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चारी सर्पांच्या विषावर चालणारें, घोड्याच्या रक्तरसापासून केलेलें प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळतें. चावा लागलेला अवयव हलूं न देतां, जखम न कापतां, रोग्याला तेथें तडक नेणें एवढेंच घरच्यांच्या हातीं असतें. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ‘मुंगोस’ हें नांव मात्र अद्याप तसेंच आहे. त्यामागची समजूत खोटी ठरली म्हणून शास्त्रीय नांव बदलण्याची वहिवाट नाहीं.